बारा वाहिन्या, एक आवाज : अंकांतून विद्युतदाब घडवण्याचा इतिहास

१/
१५ जुलै १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. त्या दिवशी वॉशिंग्टनजवळच्या पेंटॅगॉनमधून लंडनशी दूरध्वनीवर एक औपचारिक संभाषण झाले. बोलणाऱ्यांत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजचे अध्यक्ष ऑलिव्हर बकली होते. लंडनमध्ये जो आवाज ऐकू आला, तो मात्र अटलांटिक ओलांडून आलेला नव्हता. समुद्र ओलांडून आले होते ते केवळ अंक. त्यांवरून लंडनमधील यंत्राने आवाज नव्याने घडवला होता. या यंत्रणेचे सांकेतिक नाव ‘सिगसॅली’. वरवर हे एखाद्या लांब नावाचे लघुरूप वाटते; प्रत्यक्षात त्या अक्षरांना काहीच अर्थ नव्हता.

२/
अंकाचे विद्युतदाबात रूपांतर करणाऱ्या साधनाला आज ‘डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर’, थोडक्यात ‘डॅक’ म्हणतात. मोबाईलमधून ऐकू येणारे प्रत्येक गाणे अशाच साधनातून बाहेर पडते. पण एक डॅक चालवणे वेगळे आणि अनेक डॅक एकमेकांशी इमान राखून एकत्र चालवणे वेगळे. या दुसऱ्या कामाचा इतिहास युद्धकाळातील एका तळघरातून सुरू होतो आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यापर्यंत येतो. हा धागा त्या प्रवासाचा.

३/
आधी गरज पाहू. १९४३पूर्वी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील महत्त्वाची संभाषणे रेडिओ-दूरध्वनीवरून होत. ती गुप्त ठेवण्यासाठी ‘ए-३’ नावाचे उपकरण वापरले जाई. ते आवाजाच्या कंप्रतांचे पाच पट्टे पाडी, त्यांची अदलाबदल करी आणि काही पट्टे उलटे करून पाठवी. ही अदलाबदल ठरावीक क्रमाने बदलत राही. सहज कोणी ऐकले तर त्याला निरर्थक गलबला ऐकू येई. परंतु मूळ आवाज तुकड्यांच्या रूपाने त्या गलबल्यातच असे. चिकाटीने तुकडे जुळवणाऱ्याला तो परत मिळू शकत होता.

४/
आणि तशी चिकाटी जर्मन टपाल खात्याच्या संशोधकांकडे होती. १९४१च्या अखेरीस त्यांनी ए-३ची उकल केली आणि १९४२पासून व्याप्त नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरील केंद्रात अटलांटिकपारची संभाषणे जवळजवळ तत्क्षणी उलगडून ऐकण्यास सुरुवात केली. २९ जुलै १९४३ रोजी चर्चिल आणि रूझवेल्ट मुसोलिनीच्या पतनानंतर इटलीशी होऊ शकणाऱ्या युद्धविरामाबद्दल बोलत होते. ते संभाषण जर्मनांनी टिपले. सिगसॅलीचे उद्घाटन त्याआधी दोन आठवडे झाले होते; परंतु हे संभाषण जुन्याच मार्गाने झाले. नवी यंत्रणा कशासाठी हवी होती, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.

५/
मजकुराची अभेद्य गुप्तता कशी साधायची, हे तोवर ठाऊक होते. १९१७मध्ये एटी अँड टी कंपनीतील गिल्बर्ट व्हर्नम यांनी तारयंत्राच्या संदेशात किल्लीच्या फितीवरील चिन्हे एकामागून एक मिसळण्याची रीत शोधली होती. किल्ली पूर्णपणे यादृच्छिक असेल आणि एकदाच वापरली जाईल, तर संदेश फुटत नाही. पण ही रीत अक्षरांसाठी होती. आवाजाला अक्षरे नसतात. तो अखंड वाहतो. त्यात यादृच्छिक गोंगाट मिसळला, तर पलीकडे तो नेमका तेवढाच वजा करावा लागतो. रेडिओलहरी वाटेत क्षीण होतात, हेलकावे खातात. त्यामुळे ‘नेमका तेवढाच’ हे शब्द निरर्थक ठरतात. आवाज गुप्त करायचा, तर आधी त्याचे अंक करणे भाग होते.

६/
येथे बेल लॅबोरेटरीजमधील होमर डडली यांचे ‘व्होकोडर’ कामी आले. डडली यांचे निरीक्षण साधे आणि खोल होते. बोलताना ध्वनिलहरी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा कंप पावतात. पण ओठ, जीभ आणि जबडा त्यामानाने फार सावकाश हलतात. मग संपूर्ण लहर पाठवण्याची गरजच काय? आवाजाच्या कोणत्या पट्ट्यात किती जोर आहे, एवढेच वारंवार मोजून कळवले, तरी पलीकडचे यंत्र त्यावरून बोलणे पुन्हा रचू शकते.

७/
सिगसॅलीत आवाजाचे असे १० पट्टे पाडले होते. प्रत्येक पट्ट्यातील जोर दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा मोजला जाई. मोजलेल्या दाबाला ०, १, २, ३, ४, ५ या सहांपैकी एका पायरीवर बसवले जाई. पायऱ्या समान उंचीच्या नव्हत्या: क्षीण आवाजासाठी लहान आणि मोठ्या आवाजासाठी मोठ्या. माणसाचा कानही लहान आवाजांतील फरक अधिक बारकाईने टिपतो. त्याच्या स्वभावाला धरूनच ही जिना-रचना केलेली होती.

८/
दहा पट्टे झाले. आवाजाची पट्टी, म्हणजे स्वराची उंची, उरली. तेथे सहा पायऱ्या पुरेनात. स्वराची चढ-उतार किंचित बिघडली तरी ऐकणाऱ्याला बोलणे कृत्रिम वाटते. अभियंत्यांनी या एका राशीसाठी दोन वाहिन्या दिल्या: एक ठोकळ मापासाठी, दुसरी त्या मापाच्या आतील सूक्ष्म भागासाठी. सहा गुणिले सहा, अशा ३६ पायऱ्या मिळाल्या. दहा आणि दोन मिळून बारा वाहिन्या झाल्या. भरड वाहिनीला सूक्ष्म वाहिनीची जोड देऊन अचूकता वाढवण्याची ही युक्ती आजही अचूक मापनाच्या परिपथांत वापरली जाते.

९/
आता गुपित मिसळण्याची कृती. समजा एका पट्ट्याचा अंक ४ आहे आणि त्या क्षणीचा किल्लीचा अंक ५ आहे. बेरीज ९. पण येथे सहाच्या घड्याळात मोजायचे. सहाच्या पुढे गेले की पुन्हा शून्यापासून. म्हणून ९ ऐवजी ३ पाठवला जाई. पलीकडे ३ मधून ५ वजा केले की उणे २ येतात. त्यात ६ मिळवले की मूळचे ४ परत. मधल्या मध्ये ३ ऐकणाऱ्या शत्रूला मूळ अंक ० ते ५ पैकी कोणताही असू शकतो आणि प्रत्येकाची शक्यता सारखीच. तुकडे जुळवून पाहावे, तर हाती तुकडेच नाहीत.

१०/
किल्ली येई कोठून? पाऱ्याच्या वाफेच्या मोठ्या निर्वात नळ्यांतील विद्युतगोंगाटातून. तो गोंगाट मोजून, त्याच्या सहा समान शक्यतेच्या पायऱ्या पाडून, ते अंक ग्रामोफोनच्या १६ इंची तबकड्यांवर ध्वनिरूपाने उतरवले जात. प्रत्येक किल्लीच्या तबकड्यांचा एक संच पाठवणाऱ्याकडे, दुसरा ऐकणाऱ्याकडे. एक तबकडी सुमारे १२ मिनिटे चाले. वापर झाला की ती नष्ट केली जाई. लंडन आणि वॉशिंग्टन येथील दोन तबकड्या एकाच वेगाने, एकाच क्षणाला धरून फिरल्या पाहिजेत, यासाठी दोन्ही टोकांना स्फटिकावर चालणारी अत्यंत अचूक कालमापके बसवलेली होती.

११/
या धाग्याचा खरा विषय येतो तो आता, ऐकणाऱ्याच्या टोकाला. किल्ली वजा केल्यावर यंत्राच्या हाती दर २० मिलिसेकंदांनी बारा अंक येत. अंक ऐकू येत नाहीत. त्यांतील प्रत्येकाचा ठरलेल्या उंचीचा विद्युतदाब करावा लागे, तो दाब पुढचा अंक येईपर्यंत धरून ठेवावा लागे आणि मग गाळणीतून काढून त्याचे टोकदार कोपरे गुळगुळीत करावे लागत. दहा दाब दहा पट्ट्यांचा जोर कमीजास्त करीत, उरलेले दोन मिळून स्वराची उंची ठरवीत. आजच्या भाषेत सांगायचे, तर हा बारा वाहिन्यांचा, प्रत्येकी सहा पायऱ्यांचा डॅक होता.

१२/
एका वाहिनीच्या डॅकला एकच प्रश्न असतो: दिलेल्या अंकाचा दाब बरोबर आला का? बारा वाहिन्या एकत्र आल्या की तीन प्रश्न नव्याने उभे राहतात. सर्वांची पायरी सारखी आहे का? सर्व जण एकाच मापाशी आपली उंची ताडून पाहतात का? सर्व जण एकाच क्षणी बदलतात का? एक पायरी, एक माप, एक क्षण. पुढील ऐंशी वर्षांतील सर्व प्रगती याच तीन अटींच्या पूर्ततेची आहे.

१३/
पायरी चुकली तर काय होई? समजा मूळ अंक ५, म्हणजे त्या पट्ट्यातील सर्वांत मोठा जोर. किल्ली २. बेरीज ७, सहाच्या घड्याळात १. रेडिओच्या हेलकाव्याने पलीकडे १ ऐवजी २ वाचला गेला. दोनातून दोन गेले, हाती शून्य. एका पायरीची लहानशी चूक, पण सर्वांत मोठा आवाज थेट शांततेत बुडाला. गुप्ततेसाठी वापरलेले वर्तुळाकार गणितच लहान चुकीला मोठी करीत असे. म्हणून प्रत्येक पायरीची उंची आणि दोन पायऱ्यांमधली सीमारेषा काटेकोर राखणे ही केवळ सुबकतेची बाब नव्हती. सेनापतीचे वाक्य समजणार की नाही, हे त्यावर अवलंबून होते.

१४/
आणि क्षण चुकला तर? ‘स’ आणि ‘श’ यांतील फरक जोर कोणत्या पट्ट्यात आहे यावरून कळतो. एक पट्टा आधी बदलला आणि दुसरा मागे राहिला, तर मधल्या काळात जो ध्वनी निर्माण होईल, तो बोलणाऱ्याने उच्चारलेलाच नसतो. गायनवृंदात बारा गायक सुरात असूनही एकजण अर्धी मात्रा मागे राहिला, तर गाणे विस्कटते, तसेच हे. बारा वाहिन्यांनी मिळून एक आवाज घडवायचा, तर त्यांनी पाऊलही एकत्र टाकले पाहिजे.

१५/
या काटेकोरपणाची किंमत अवाढव्य होती. एका केंद्रात उपकरणांची सुमारे ४० कपाटे असत. वजन ५० टनांहून अधिक, विजेचा खप सुमारे ३० किलोवॅट आणि खोली वातानुकूलित. लंडनमधील यंत्र सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानाच्या जोडइमारतीच्या तळघरात बसवलेले होते. ते चालवण्यासाठी अमेरिकी सैन्याची ८०५वी सिग्नल सर्व्हिस कंपनी खास उभारली गेली. युद्ध संपेपर्यंत अल्जियर्स, पॅरिस, ब्रिस्बेन, हवाई, ग्वाम अशा ठिकाणी मिळून बारा केंद्रे झाली. जनरल मॅकार्थर यांच्या मोहिमेसाठी एक केंद्र तर तराफ्यासारख्या जहाजावर होते.

१६/
ब्रिटिशांच्या वतीने या यंत्रणेच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी १९४३च्या आरंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये आलेले गणिती म्हणजे ॲलन ट्युरिंग. मायदेशी परतल्यावर त्यांनी हॅन्सलोप पार्क येथे ‘डिलायला’ हे खूपच लहान आकाराचे आवाज-गुप्तीकरण यंत्र घडवले. सिगसॅलीवरून ३,०००हून अधिक बैठका पार पडल्या. १९४६मध्ये ती बंद झाली. तिची माहिती १९७६पर्यंत गोपनीय राहिली. परिणामी तिच्या कर्त्यांना तीस वर्षे आपल्या कामाचा उल्लेखही करता आला नाही आणि त्यांनी सोडवलेले काही प्रश्न जगाला आपल्या वाटेने पुन्हा सोडवावे लागले.

१७/
गोपनीयतेबाहेरचा प्रवाह वेगळाच होता. पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांना १९३७मध्येच आवाज अंकांच्या रूपात पाठवण्याची कल्पना सुचली होती आणि १९३८मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांचा हेतू गुप्ततेचा नव्हता. वाटेतील खरखर टाळण्याचा होता. मात्र त्यासाठी लागणारे परिपथ व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात इतके खर्चिक होते की कल्पना कागदावर राहिली. युद्धानंतर बेल लॅबोरेटरीजने ती हाती घेतली आणि १९४८मध्ये अनेक वाहिन्यांच्या प्रायोगिक यंत्रणेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बारा वाहिन्यांचा एक गट, प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना ७ द्विमान अंकांचा, अशी तिची रचना होती.

१८/
त्या यंत्रणेतील अंकांचा दाब करण्याची रीत क्लॉड शॅनन यांच्या कल्पनेवर आधारलेली आणि मोठी मोहक होती. एक धारित्र घ्यायचे, म्हणजे विद्युतभार साठवणारे कॅपॅसिटर. त्यातील भार असा गळू द्यायचा की एका स्पंदापासून दुसऱ्या स्पंदापर्यंत तो बरोबर निम्मा होईल. मग सर्वांत कमी किमतीचा अंक आधी पाठवायचा. अंक १ असेल तर ठरावीक भार ओतायचा, ० असेल तर नाही. शेवटचा अंक येईपर्यंत पहिल्याचा भार पुन्हा पुन्हा निम्मा होत आपल्या योग्य किमतीला पोहोचलेला असतो. भार कमी होताना वेळेची किंचित चूकही महागात पडे, म्हणून ए. जे. रॅक यांनी आणखी एक परिपथ जोडून ती सुधारली. तिला शॅनन-रॅक विसंकेतक म्हणतात.

१९/
१९६२मध्ये बेल कंपनीने टी-१ ही सेवा व्यवहारात आणली. तांब्याच्या तारांवरून २४ संभाषणे अंकरूपाने जाऊ लागली. चोवीस वाहिन्यांना चोवीस विसंकेतक देणे परवडत नव्हते. म्हणून एकच विसंकेतक आळीपाळीने सर्वांचे काम करी, जशी एकाच विहिरीवर गावाची पाळी लागते. अचूक मापनाच्या उपकरणांतही पुढे हीच काटकसर रूढ झाली: डॅक एक, त्याच्यापुढे फिरता स्विच आणि प्रत्येक वाहिनीला दाब धरून ठेवणारे एक धारित्र. सर्वांचा डॅक एकच असल्याने माप आणि पायरी आपोआप समान राहत. पण धारित्रातील दाब हळूहळू झिरपतो; ते वारंवार भरावे लागते. आणि सर्व वाहिन्या एकाच क्षणी बदलणे तर अशक्यच.

२०/
प्रत्येक वाहिनीला स्वतःचा डॅक हवा असेल, तर तो स्वस्त आणि लहान झाला पाहिजे. अडसर रोधांचा होता. जुन्या बाजारातील वजने आठवा: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. एकेक वजन पारड्यात ठेवून वा काढून हवे ते माप जुळवता येते. द्विमान अंकांचा डॅक हेच करतो; वजनांच्या जागी रोधांतून वाहणारे प्रवाह असतात. पाच वजनांचा संच सोपा. पण १६ अंकांसाठी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या रोधाचे प्रमाण १:३२,७६८ होते. इतक्या दूरच्या किमतींचे रोध एकमेकांशी जुळवणे आणि तापमान बदलले तरी जुळलेले राखणे जवळजवळ अशक्य.

२१/
यावरचा तोडगा म्हणजे रोधांची शिडी. १९५३मध्ये बी. डी. स्मिथ यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. शिडीत रोधाच्या दोनच किमती लागतात: एक आणि तिच्या दुप्पट. प्रत्येक पायरीवर येणारा प्रवाह समान दुभंगतो: निम्मा स्विचकडे, निम्मा पुढे. पुढच्या पायरीवर पुन्हा तेच. १६ अंक असोत वा ८, प्रमाण १:२ च्या पलीकडे जात नाही. येथे एक महत्त्वाचा विचार दडलेला आहे. शिडीतला प्रत्येक रोध पाच टक्क्यांनी मोठा झाला, तरी दाबांचे प्रमाण तसेच राहते. रोधाची खरी किंमत किती, यापेक्षा ते एकमेकांशी किती जुळतात, हे निर्णायक ठरते.

२२/
हाच विचार सिलिकॉनच्या चकतीवर फळाला आला. चिपवर नेमक्या किमतीचा रोध बनवणे कठीण असते. पण एकाच चकतीवर, एकाच वेळी, शेजारी शेजारी घडवलेले रोध जुळ्या भावंडांसारखे असतात. तापमान चढले की सगळे मिळून बदलतात. १९७०च्या दशकात ॲनालॉग डिव्हाइसेस कंपनीच्या एडी-७५२० या १० अंकी डॅकमध्ये पातळ धातुपटलाचे असे रोध सीमॉस चिपवर बसवले गेले. त्याच दशकात लेझरच्या किरणाने चिपवरील रोध किंचित कोरून त्यांची उरलीसुरली विसंगती दूर करण्याचे तंत्र स्थिरावले. कपाटातील शिडी नखाएवढ्या जागेत मावली.

२३/
एक शिडी चिपवर बसली म्हणजे शेजारी दुसरीही बसते. आधी दोन डॅकची चिप, मग चार, आठ, सोळा असा विस्तार होत गेला. आज एडी-५३७० सारख्या एकाच चिपमध्ये ४० डॅक असतात आणि प्रत्येक १६ अंकी, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा. पाच व्होल्टची पल्ला-मर्यादा धरली, तर एक पायरी सुमारे ७६ मायक्रोव्होल्टची पडते. ५० टनांच्या यंत्रात बारा वाहिन्यांना प्रत्येकी सहा पायऱ्या होत्या. आकार बदलला, आकडे बदलले. सिगसॅलीच्या तीन अटी मात्र जशाच्या तशा राहिल्या.

२४/
एक माप: चिपवरील वाहिन्यांचे गट समाईक संदर्भ-दाबाशी आपली उंची ताडतात, तो थोडा सरकला तर गटातील सर्व वाहिन्या त्याच प्रमाणात सरकतात आणि त्यांचे परस्परनाते टिकते. एक पायरी: प्रत्येक वाहिनीसाठी चिपमध्ये दोन दुरुस्ती-अंक साठवता येतात. एक चढ सुधारतो, दुसरा शून्याची जागा. एक क्षण: प्रत्येक वाहिनीला दोन कप्पे असतात. नवे अंक आधी बाहेरच्या कप्प्यांत एकामागून एक येऊन थांबतात. मग ‘एलडॅक’ या पायेवर इशारा मिळताच सर्व अंक एकदम आतल्या कप्प्यांत जातात आणि चाळीसही दाब एकत्र बदलतात.

२५/
एकाच छपराखाली राहण्याचे तोटेही आहेत. एका वाहिनीने मोठी उडी घेतली की शेजारच्या वाहिनीत तिचा बारीक हिसका जाणवतो. सर्वांचा परतीचा प्रवाह एकाच जमीन-तारेतून गेला, तर त्या तारेच्या नगण्य रोधावरही दाब पडतो आणि ७६ मायक्रोव्होल्टच्या हिशेबात तो नगण्य राहत नाही. काही वाहिन्यांवर भार जास्त पडला तर चिप एका बाजूने तापते आणि जुळ्या भावंडांत दुजाभाव येतो. संदर्भ-दाबातील गोंगाट सर्व वाहिन्यांत एकाच वेळी उतरतो. म्हणून अचूक परिपथ रचणारा अभियंता चिपइतकाच विचार तिच्याभोवतीच्या तारांच्या मांडणीचा करतो.

२६/
हे सारे कोठे उपयोगी पडते? अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळा पाहा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तेथे प्रथमच गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष टिपली गेली. चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांना ४० किलो वजनाचे आरसे लोलकांसारखे टांगलेले असतात. मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. आरसे जागेवर धरण्यासाठी संगणक सेकंदाला हजारो वेळा गणित करतो आणि ते अंक अनेक वाहिन्यांच्या डॅकमधून दाब होऊन बाहेर येतात. काही दाब चुंबक-वेटोळ्यांना ढकलतात. टोकाच्या आरशामागील विद्युतपट्ट्या चार चतुर्थांशांत विभागलेल्या असतात.

२७/
त्या चार पट्ट्यांचे दाब जुळले नाहीत, तर सरळ ढकलायचा आरसा तिरका होतो. डॅकचा स्वतःचा गोंगाटही आरशापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून उपयुक्त संदेश अंकांतच आधी वाढवून घेतात आणि डॅकच्या पुढे गाळणीने पुन्हा कमी करतात. संदेश मूळ पातळीवर येतो, गोंगाट मात्र दबून जातो. या वेधशाळेची भारतीय बहीण मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभी राहायची आहे. पुण्याची आयुका ही संस्था तिच्या भागीदारांपैकी एक आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली.

२८/
डॅकचा इतिहास बहुधा पायऱ्या किती वाढल्या याच्या हिशेबात सांगितला जातो: सहा, मग १२८, मग ६५,५३६. तो हिशेब खरा आहे, पण अपुरा. सिगसॅलीच्या बारा वाहिन्यांपैकी एकीलाही एकटीने एक शब्द उच्चारता आला नसता. एकेकीकडे पायऱ्या सहाच होत्या. तरीही एका मापाने आणि एका क्षणी चालल्यामुळे त्यांतून माणसाचे समजण्याजोगे बोलणे उभे राहिले आणि शत्रूच्या हाती लागले नाही. हिंगोलीत जेव्हा आरसे टांगले जातील, तेव्हा त्यांना स्थिर धरणारे दाबही याच शिस्तीने बाहेर पडतील.

#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास #मराठी